घाम, दम आणि उष्मांक

सकाळी सहाच्या सुमारास गावाबाहेरच्या टेकडीच्या पायथ्याशी क्षणभर उभे राहिले, तर दोन प्रकारची माणसे दिसतात. काही चढायला निघालेली असतात आणि काही उतरून आलेली. उतरून आलेल्यांच्या चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचे समाधान असते. सदरा घामाने भिजलेला, श्वास अजून पुरता स्थिरावलेला नाही. आणि पायथ्याच्या टपरीवर गरम वडे तळले जात असतात. “आज चांगलाच घाम गाळला आहे, एक वडापाव खायला हरकत नाही,” असे एकजण म्हणतो, आणि बाकीचे त्याला आनंदाने दुजोरा देतात.

या मंडळींची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी मनाशी एक हिशेब केलेला आहे. तो असा, की आपण शरीरातले पुष्कळ काही जाळले, तेव्हा थोडेसे परत घातले तर बिघडत नाही. हा हिशेब कितपत बरोबर असतो, एवढाच प्रश्न या लेखात पाहावयाचा आहे. प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. तीनतीन महिने नेमाने चालूनही वजनाचा काटा हलला नाही म्हणून, ‘व्यायाम आपल्याला लागूच पडत नाही’ असे ठरवून पुन्हा खुर्चीत जाऊन बसणारी माणसे आपल्या सर्वांच्या घरात आहेत. त्यांचा हिशेब चुकला, आणि त्या चुकीची शिक्षा व्यायामाला झाली.

प्रथम उष्मांक म्हणजे काय ते पाहू. एक किलो पाण्याचे तपमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तिला आपण आहाराच्या संदर्भात एक उष्मांक, म्हणजेच रोजच्या बोलण्यातील एक कॅलरी, म्हणतो. चुलीत लाकूड जळते आणि शरीरात अन्न ‘जळते’ ही केवळ उपमा नव्हे, हे फ्रान्समधील लाव्वाझिए याने अठराव्या शतकातच ओळखले होते. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने व लाप्लास याने एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले ते मोजले, आणि त्याने सोडलेल्या वायूशी त्याचा मेळ घातला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत अॅटवॉटर व रोझा यांनी माणसासाठी अशीच एक खोली बांधली. ती जेमतेम सात फूट लांब व चार फूट रुंद होती. तिच्यात माणूस दिवसचे दिवस राही, जेवी, झोपे, आणि जागच्या जागी सायकलही चालवी. नळ्यांतून वाहणारे पाणी त्याच्या अंगची उष्णता बाहेर नेई, आणि ते पाणी किती तापले यावरून हिशेब मांडला जाई. खाल्लेले अन्न आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांची बेरीज-वजाबाकी इतकी चोख जुळली, की शेकडा एकाचीही तफावत राहिली नाही. ऊर्जा निर्माणही होत नाही आणि नाहीशीही होत नाही, हा निसर्गाचा नियम माणसाच्या देहालाही सोडत नाही, हे यावरून सिद्ध झाले.

प्रत्येकाला अशा खोलीत कोंडणे अर्थातच शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी सोपा मार्ग शोधला. अन्न जळण्यास प्राणवायू लागतो. तेव्हा किती प्राणवायू खर्च झाला हे कळले, की किती अन्न जळले हेही कळते. एक लिटर प्राणवायूमागे सुमारे पाच उष्मांक, असे हे प्रमाण आहे. इंग्लंडमधील डग्लस याने १९११ साली एक मोठी पिशवी योजली. माणसाने ती पाठीवर घेऊन चालावे, आणि त्याचा उच्छ्वास नळीवाटे तिच्यात साठावा. त्या हवेची परीक्षा केली, की चालण्याचा खर्च समजे. आजच्या प्रयोगशाळांतील यंत्रे पुष्कळ सुबक झाली असली, तरी तत्त्व तेच आहे.

आता या मोजमापांच्या आधारे आपल्या टेकडीचा हिशेब करू. साठ किलो वजनाचा माणूस शंभर मीटर उंचीची टेकडी चढला, तर त्याने सहा हजार किलोग्रॅम-मीटर काम केले. जूल याने गेल्याच्या आधीच्या शतकात दाखवून दिल्याप्रमाणे, अशा सुमारे ४२७ किलोग्रॅम-मीटर कामाची किंमत एक उष्मांक होते. म्हणजे सारी टेकडी चढण्याचे निव्वळ काम झाले केवळ चौदा उष्मांकांचे! मात्र आपले स्नायू हे काही आदर्श यंत्र नव्हे. शंभर भाग इंधन जाळले तर वीस-पंचवीस भागच कामी येतात, आणि उरलेली सर्व उष्णता होते. अंग तापते ते यामुळेच. तेव्हा खरा खर्च चौदाच्या चार-पाच पट, म्हणजे पंचावन्न ते सत्तर उष्मांकांच्या आसपास धरावा. टपरीवरचा एक वडापाव साधारणपणे अडीचशे ते तीनशे उष्मांकांचा असतो. त्याची फेड करायची, तर ती टेकडी चार-पाच वेळा चढावी लागेल.

सपाटीवरचे चालणे घ्या. सत्तर किलो वजनाचा गृहस्थ ताशी पाच किलोमीटरच्या गतीने अर्धा तास चालला, तर त्याच्या शरीरात सुमारे १२० उष्मांक खर्च होतात. परंतु हा सर्व खर्च चालण्याच्या नावे मांडता येत नाही. तो गृहस्थ तेवढा वेळ घरी वर्तमानपत्र वाचीत बसला असता, तरी हृदय, मेंदू, यकृत यांचे काम चालूच राहिले असते. आणि त्यापायी किलोमागे तासाला एक या प्रमाणात अर्ध्या तासाचे पस्तीस उष्मांक गेलेच असते. म्हणजे चालल्यामुळे झालेला जादा खर्च नव्वदच्या आत-बाहेर. घरी आल्यावर त्याने दोन चमचे साखर आणि पन्नास मिलिलिटर म्हशीचे दूध घातलेला चहा घेतला, तर साखरेचे चाळीस आणि दुधाचे सुमारे पन्नास मिळून तेवढेच उष्मांक परत आले. अर्धा तास चालणे बरोबर एक कप चहा!

हे ऐकून आपणांपैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल, आणि तेच आजच्या विषयाचे मर्म आहे. आपला अंदाज याहून किती तरी मोठा असतो. कॅनडातील ओटावा येथे झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. मध्यम वजनाच्या, निरोगी स्त्रीपुरुषांना फिरत्या पट्ट्यावर चालवून एकदा दोनशे आणि एकदा तीनशे उष्मांक नेमके खर्च करावयास लावले, आणि मग विचारले, “तुमचा किती खर्च झाला असेल?” त्यांचे उत्तर खऱ्या आकड्याच्या तिप्पट-चौपट आले. पुढे त्यांना अन्न वाढून सांगितले, की खर्च झाला तेवढेच भरून निघेल इतके खा. ते जेवले ते खर्चाच्या दुप्पट-तिप्पट. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की ही माणसे लठ्ठ नव्हती, आळशीही नव्हती, आणि त्यांना कोणाला फसवावयाचेही नव्हते.

याहून करुण कथा न्यूयॉर्कच्या एका पाहणीची आहे. ती १९९२ साली प्रसिद्ध झाली. आपण अगदी कमी खातो, तरी वजन उतरत नाही, तेव्हा दोष आपल्या शरीराचाच असला पाहिजे, असे मनापासून मानणारी दहा माणसे तिच्यात होती. त्यांचे चयापचय तपासले, तर ते जसे असावयास हवे तसेच निघाले. त्यांच्या खऱ्या खर्चाचे माप एका कौशल्यपूर्ण पद्धतीने घेतले. जरा वेगळ्या वजनाचे हायड्रोजन व प्राणवायू असलेले पाणी माणसाला पाजावयाचे, आणि पुढील दोन आठवडे ते दोन्ही शरीरातून कोणत्या वेगाने बाहेर पडतात ते पाहावयाचे. लिफ्सन याने १९५५ साली उंदरांवर सिद्ध केलेली ही पद्धत १९८२ पासून माणसांसाठी वापरात आली आहे. तिने असे दाखवले, की त्या दहा जणांनी आपले खाणे सरासरीने जवळजवळ निम्मेच सांगितले होते, आणि आपली हालचाल दीडपट सांगितली होती. त्यांना खोटे ठरवण्याची घाई करू नये. ते जे सांगत होते, त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास होता.

मग एवढी चूक होते तरी कशी? कारण साधे आहे. मोटारीला पेट्रोल दाखवणारा काटा असतो, तसा काटा निसर्गाने आपल्याला दिलेला नाही. आपल्याला जाणवतात त्या तीन गोष्टी : दम, घाम आणि थकवा. या तिघांवरून आपण खर्चाचा अदमास घेतो, आणि तिघेही बेभरवशाचे साक्षीदार आहेत. दम लागणे हे आपली तयारी किती कमी आहे ते सांगते. तीच टेकडी त्याच वजनाचा सराईत माणूस गप्पा मारीत चढतो, आणि नवखा धापा टाकीत चढतो. दोघांनी उचललेला भार आणि गाठलेली उंची तीच असते, म्हणून त्यांच्या खर्चात फारसा फरक नसतो. थकवा झोपेवर, मनःस्थितीवर, आदल्या दिवशीच्या कामावरही अवलंबून असतो.

घामाची गोष्ट तर अधिकच फसवी. घाम ही शरीराने केलेली थंडाव्याची सोय आहे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० उष्मांक उष्णता घेऊन जातो हे खरे. पण ती उष्णता उन्हानेही दिलेली असू शकते. वैशाखात ओट्यावर नुसते बसलेल्या माणसालाही घामाच्या धारा लागतात, म्हणून त्याची चरबी झडत नाही. व्यायामानंतर लगेच काट्यावर उभे राहिले असता वजन अर्धा किलो कमी भरते, ते गेलेले पाणी असते. दोन तांबे पाणी प्यावे, की ते जसेच्या तसे परत येते. गरम कपडे घालून धावणारे लोक शरीरातील पाणी तेवढे घालवतात, आणि प्रसंगी उष्माघाताला निमंत्रण देतात.

कोणी म्हणेल, “आता मनगटावर घड्याळ आहे, ते सगळे सांगते.” २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सात उपकरणांची साठ स्वयंसेवकांवर परीक्षा घेतली. नाडीचे ठोके मोजण्यात सातांपैकी सहा उपकरणे शेकडा पाचांहून कमी चुकली. ही प्रशंसनीय गोष्ट होय. परंतु उष्मांकांच्या बाबतीत त्यांतले सर्वांत चांगले उपकरणही सरासरीने शेकडा २७ चुकले, आणि सर्वांत वाईट शेकडा ९३! असे का व्हावे? घड्याळ नाडी मोजते, हाताची हालचाल मोजते. उष्मांक ते मोजत नाही, ते गणिताने काढते, आणि त्या गणितात सरासरी माणूस गृहीत धरलेला असतो. नाडी तर उकाड्यानेही वाढते, कडक चहानेही वाढते, आणि वाटेत कुत्रा अंगावर धावला तरी वाढते. तेव्हा पडद्यावर ठळक अक्षरांत उमटलेला ‘४१२’ हा आकडा दुकानदाराच्या पावतीसारखा पक्का समजू नये. काल आणि आज यांची तुलना करण्यापुरता तो उपयोगी आहे. त्याच्या भरवशावर ताट वाढून घेणे उपयोगाचे नाही.

आणखी एक गुंतागुंत सांगितली पाहिजे. टांझानियातील हाड्झा लोक आजही शिकार करून व कंदमुळे खणून उपजीविका करतात, आणि रोज मैलोगणती चालतात. २०१२ साली त्यांच्या खर्चाचे माप त्याच विशेष पाण्याने घेतले, तेव्हा शरीराच्या आकारमानाचा विचार करता तो युरोप-अमेरिकेतील बैठ्या लोकांहून फारसा वेगळा आढळला नाही. यावरून असे दिसते, की फार कष्ट होऊ लागले म्हणजे शरीर दुसरीकडे कुठे तरी काटकसर करते. ती नेमकी कोठे आणि किती, यावर विद्वानांत अजून वाद चालू आहे. आपण सामान्य माणसेही हे पाहतो. रविवारी सकाळी दहा किलोमीटर चालून आलेला गृहस्थ दुपारभर पलंगावरून हलत नाही.

तर मग व्यायाम व्यर्थ आहे काय? मुळीच नाही, आणि हेच मला आग्रहाने सांगावयाचे आहे. लंडनमध्ये मॉरिस या डॉक्टरने दुमजली बसवरील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ साली ती प्रसिद्ध केली. दोघे एकाच बसवर, एकाच रस्त्याने जाणारे. एक दिवसभर बसून, दुसरा दिवसभर जिने चढ-उतार करीत. कंडक्टरांत हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांहून कमी आढळले. चालण्याने रक्तातील साखर स्नायूंत ओढली जाते, रक्तदाब उतरतो, हाडे व स्नायू टिकतात, झोप चांगली लागते. काट्यावरचे वजन तसूभर न हलताही हे सारे लाभ पदरात पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रम सुचवले आहेत. त्या सल्ल्यात उष्मांकांचा आकडा नाही, मिनिटांचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून वहीत लिहावयाचेच, तर उष्मांक लिहू नयेत. किती मिनिटे चाललो, किती अंतर गेलो, आणि चालताना दोन वाक्ये न थांबता बोलता आली की नाही, एवढे लिहावे. या तीन गोष्टी मोजता येतात आणि त्यांत फसगत होत नाही. वजनाचा प्रश्न ज्याला सतावतो, त्याने स्वयंपाकघराकडे पाहावे. भाजीत रोज दहा ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, तेल कमी पडले तर नव्वद उष्मांक वाचतात. अर्ध्या तासाच्या चालण्याने साधते तेवढेच हे आहे. दोन्ही एकत्र केले, तर कागदावरच्या हिशेबाने एक किलो चरबीचे ७,७०० उष्मांक सुमारे दीड महिन्यात फिटतात. प्रत्यक्षात थोडे अधिक दिवस लागतील; पण आशा ठेवण्याजोगी ही गोष्ट आहे.

आणि टेकडीखालचा तो वडापाव? आवडत असेल तर महिन्यातून एखाद्या वेळी मित्रांबरोबर जरूर खावा. फक्त तो चढाईची मजुरी म्हणून खाऊ नये. वडापाव म्हणून खावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा टेकडीच्या पायथ्याशी हजर राहावे.