वेंगुर्ला रोडचे दुसरे टोक

बेळगावहून हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा असे करीत शिनोळीकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण सर्वजण ‘वेंगुर्ला रोड’ म्हणतो. आपल्या कित्येक सभासदांची दुकाने व गोदामे या रस्त्यावर आहेत; पत्ता सांगताना हे नाव दिवसातून दहा वेळा तोंडी येते. तथापि ज्या गावाचे नाव आपण असे नित्य घेतो ते गाव पाहिले आहे काय, असे कोणी विचारले, तर आम्हा येळ्ळूरकरांप्रमाणेच अनेकांना मान खाली घालावी लागेल. गोव्यास आपण वारंवार जातो, तीर्थयात्रेस श्रवणबेळगोळ व मूडबिद्रीपर्यंत जातो. जेमतेम सव्वाशे किलोमीटरांवरचे वेंगुर्ले मात्र राहून जाते.

आमचेही राहूनच गेले असते. परंतु गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी माळा आवरताना आजोबांच्या वेळची एक लाल बासनातील खतावणी हाती आली. तीत वेंगुर्ल्याच्या एका अडत्याच्या खात्यावर १९४१ साली सदतीस रुपये सहा आणे जमा दिसत होते. नारळ व काथ्याच्या मालापोटी आमच्याकडून येणे असलेली ही रक्कम पुढे फेडल्याची नोंद कोठेही आढळली नाही. आम्ही हसून वही मिटणार, तोच मातोश्री म्हणाल्या, “देणे आजोबांचे असले, तरी नाव घराचे आहे.” त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. पौष महिन्यात दोन कुटुंबे मिळून आम्ही निघालो.

वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत त्या अडत्याच्या पेढीची चौकशी करता करता आम्ही एका वृद्ध किराणा व्यापाऱ्यांच्या दुकानी येऊन पोहोचलो. ती पेढी केव्हाच बंद झाली होती. घरची मंडळी मुंबईस गेली आणि पुढे त्यांचा ठावठिकाणा राहिला नाही, असे त्यांच्याकडून कळले. आम्ही निराश झालेले पाहून त्यांनी गादीवर बसविले, शहाळी मागविली, आणि “आता इलास तां गाव तरी नीट बघून जावा,” असे म्हणून दोन दिवस आमचे मार्गदर्शक झाले. त्यांनी जे सांगितले व दाखविले, ते सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

प्रथम हे गाव मोठे कशाने झाले ते जाणून घ्यावे. डचांनी १६३८ च्या सुमारास येथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवावयास व मालाची देवघेव करावयास ही जागा त्यांना सोयीची वाटली. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. पुढे १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला व तेथे छावणी वसली, तेव्हा तिला लागणारी सामग्री याच बंदरात उतरू लागली. बैलांचे तांडे रामघाटाने चढत. नंतर आंबोलीचा गाडीरस्ता झाला आणि घाटावरचे धान्य, गूळ, कापूस खाली व कोकणचे मीठ, नारळ, काथ्या वर, अशी रहदारी वाढली. आंबोली हे गावच मुळी या वाटेवरचा मुक्काम म्हणून नावारूपास आले. आपल्या पूर्वजांच्या व्यापाराचा समुद्राकडचा दरवाजा म्हणजे वेंगुर्ले होय.

हा दरवाजा कोणी लढाई करून बंद केला नाही. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटावरील प्रदेशाशी जोडले गेले आणि जो माल आठवडाभर गाडीवाटेने चाले, तो आगगाडीने तिकडे वळला. मुंबईच्या आगबोटी त्यानंतरही अनेक वर्षे वेंगुर्ल्यास येत होत्या; पुढे त्याही थांबल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तिचा मार्ग कुडाळ-सावंतवाडीच्या बाजूने गेला आणि वेंगुर्ले पुन्हा एकदा बाजूस राहिले. आमचे वृद्ध मार्गदर्शक हे सांगताना कोणास दोष देत नव्हते. “वाट बदलली, की पेठ बदलता,” एवढेच ते म्हणाले. एकाच वाटेवर व एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवून बसलेल्या आम्हा व्यापाऱ्यांना हे वाक्य बरेच काही शिकवून गेले.

आता प्रवासासंबंधी. जावयाचे ते कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत जावे. आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. धुके व दरडी यांमुळे पावसाळ्यात घाट अवघड होतो. चातुर्मासात प्रवास आवरावा, हा आपला जुना नियम या घाटाच्या बाबतीत व्यवहारानेही हितकर ठरतो. पहाटे निघाल्यास न्याहारी आंबोलीस व दुपारचे भोजन वेंगुर्ल्यास होते. वाटेत सावंतवाडीस लाकडी खेळणी व हाताने रंगविलेले गंजिफांचे पत्ते अवश्य पाहावेत.

भोजनाची चिंता अनेकांना वाटेल, कारण मुलूख मासळीचा आहे. यासाठी आदल्या दिवशी एखाद्या घरगुती खानावळीत निरोप द्यावा. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य आहेत एवढे स्पष्ट सांगावे आणि शुद्ध शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत करतात ना, हे विचारून घ्यावे. घावणे, आंबोळी, उकड्या तांदळाची पेज, लसणाविना सोलकढी, आणि फाल्गुनात गेल्यास ओल्या काजूगरांची उसळ, एवढे मिळाल्यावर उणे कशाचे वाटत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून मग उभादांड्याला सागरेश्वराच्या किनाऱ्यावर जावे. नियमही पाळला जातो आणि सूर्य समुद्रात बुडताना निवांतपणे पाहावयासही मिळतो.

दुसरे दिवशी सकाळी प्रथम बंदरावर जावे. धक्का लहान आहे, पण येथूनच आपल्या घरांत एके काळी विलायती कापड व कंदील आले, हे मुलांना तेथे उभे करून सांगावे. टेकडीवरून समुद्रात दूर खडकांचा समूह दिसतो. तेथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. परदेशी खवय्यांसाठी ही घरटी चोरून नेली जात. आज त्या पक्ष्यांस कायद्याचे संरक्षण आहे. जीवदयेचे व्रत सांगणाऱ्या आपल्या समाजाने ते खडक दुरूनच पाहावेत, तेथे उतरण्याचा हट्ट धरू नये.

गावात डच वखारीचे अवशेष आहेत. भिंती ढासळल्या आहेत, झाडांच्या मुळ्यांनी दगड धरून ठेवले आहेत. मुलांना भिंतींवर चढू देऊ नये. बाजारात क्रॉफर्ड मार्केट आहे. मुंबईचे नाव घेतलेली ही लहानशी मंडई सकाळच्या वेळी पाहण्यासारखी असते. तेथून शिरोड्याकडे निघावे. वाटेत आरवलीस वेतोबाचे मंदिर आहे. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो या श्रद्धेने लोक त्यास भली मोठी पादत्राणे वाहतात. शिरोड्यास १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला. याच गावी वि. स. खांडेकर अनेक वर्षे शिक्षक होते. पुढे रेडीस गणपती आहे. ही मूर्ती १९७६ साली खाणीच्या जागी सापडली.

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे स्थळ आम्हास शेवटी दाखविण्यात आले. ते म्हणजे फळ संशोधन केंद्र. १९५७ पासून येथे काजूवर काम चालू आहे. ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या नावांची कलमे येथूनच निघाली. चंदगड तालुक्यात आज काजूच्या बागा व काजू फोडण्याचे कारखाने आहेत, आणि त्या मालाचे व्यवहार आपल्यापैकी काहीजण करतात. म्हणजे बंदरात उतरणारा माल थांबला, तरी वेंगुर्ल्याचे नाव घाट चढावयाचे थांबले नाही. आता ते गाडीतून न येता रोपट्यातून येते, इतकेच.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही खतावणी उघडून पुन्हा तो विषय काढला. वारस सापडत नाही, तेव्हा रक्कम गावच्या नगर वाचनालयास द्यावी, असे ठरले. मुद्दल सदतीस रुपये सहा आणे. पण ऐंशीहून अधिक वर्षांचे व्याज कोणत्या दराने लावावयाचे, यावर आमच्या दोन कुटुंबांत बराच खल झाला. सरळ की चक्रवाढ, हाही प्रश्न निघाला. वृद्ध गृहस्थ काही वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “व्याजाचा काय घेवन बसलात, शेट? वर्साक एक कुटुंब हय धाडा. व्याज फिटला.”

वाचनालयास आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे रक्कम दिली, आणि परत आल्यावर मातोश्रींच्या समोर त्या खात्याखाली दुहेरी रेघ ओढली. व्याजाची बाजू मात्र अद्याप उघडी आहे. यंदा आमच्या शेजारचे कुटुंब माघात जाणार आहे. पुढील वर्षासाठी सभासदांपैकी कोणी नाव दिल्यास मार्गाची, मुक्कामाची व भोजनाची सर्व माहिती आम्ही आनंदाने देऊ.