हाकुइन : दोनदा वाचलेले सूत्र

झेन साधना ग्रंथ, चित्रे आणि संगीत बाजूला सारून साधकाला केवळ स्वस्थ बसायला लावते, असा एक समज रूढ आहे. जपानचे झेन गुरू हाकुइन एकाकु (1686–1769) यांचे चरित्र वाचल्यावर तो टिकत नाही. झेनच्या रिंझाई या शाखेत आज जी गुरुपरंपरा चालू आहे ती त्यांच्यापासूनच आलेली आहे, आणि त्यांच्या साधनेतील बहुतेक प्रत्येक वळण एखादे पुस्तक, एखादे हस्ताक्षर किंवा एखादा आवाज यांच्या निमित्ताने आलेले आहे.

फुजी पर्वताच्या पायथ्याशी, एदो आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो मार्गावरील हारा या गावी हाकुइन जन्मले आणि पंधराव्या वर्षी भिक्षू झाले. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी सद्धर्मपुंडरीक सूत्र वाचले. महायान बौद्धांच्या दृष्टीने अत्यंत पूज्य असलेल्या या ग्रंथात तरुण हाकुइन यांना दृष्टांतकथांपलीकडे काही आढळले नाही आणि त्यांची निराशा झाली. त्यानंतर गांतो या प्राचीन चिनी गुरूला दरोडेखोरांनी ठार केल्याची हकीकत त्यांच्या कानावर आली, तेव्हा एवढ्या अधिकारी पुरुषालाही साधनेने वाचवले नाही तर ती करायची कशासाठी, या प्रश्नाने ते इतके खचले की साधना सोडून काव्य आणि सुलेखन यांतच मन रमवू लागले. मिनो प्रांतातील झुइउन-जी या मंदिरात ते बाओ नावाच्या विद्वान, कविवृत्तीच्या भिक्षूपाशी राहत असताना एकदा मंदिरातील ग्रंथ उन्हात पसरून ठेवले होते. आपला मार्ग कोणता हे ठरवण्यासाठी त्यांनी त्यांतला एक ग्रंथ न पाहता उचलला. उघडलेल्या पानावर, रात्री ध्यानात झोप येऊ नये म्हणून स्वतःच्या मांडीत आरी टोचून घेणाऱ्या एका चिनी साधकाची कथा निघाली आणि हाकुइन पुन्हा साधनेकडे वळले.

पुढे मात्सुयामा येथे त्यांना दाइगू या भिक्षूच्या हस्ताक्षराची एक गुंडाळी पाहायला मिळाली. अक्षरांत कसब फारसे नव्हते, तरी ती मोठ्या आदराने जपलेली होती, कारण तिच्यात लिहिणाऱ्याची योग्यता उतरली होती. हाकुइन यांनी परत येऊन स्वतःची चित्रे आणि अक्षरांचे कित्ते जाळून टाकले. हा कलेचा त्याग होता असे म्हणता येत नाही, कारण उतारवयात त्यांनी पुन्हा कुंचला हाती घेतला तो या अनुभवाला धरूनच.

एचिगो प्रांतातील ताकादा येथे, वयाच्या विशीत, दूरच्या मंदिरातील घंटेचा नाद ऐकून त्यांना जागृतीचा पहिला मोठा अनुभव आला. आपल्यासारखा अनुभव कित्येक शतकांत कुणाला आला नसेल, असा अभिमान त्यांनी धरला. तो इइयामा येथील शोजू रोजिन या वृद्ध गुरूंनी कठोरपणे उतरवला. अनुभव येणे एक आणि तो अंगी मुरणे वेगळे, हे हाकुइन तेथे शिकले.

ते मुरणे प्रकट झाले ते 1726 मध्ये. चाळिशीत पोहोचलेले हाकुइन तेव्हा हारा येथील शोइन-जी या छोट्या, मोडकळीस आलेल्या मंदिराचे प्रमुख होते. एका रात्री ते तेच सद्धर्मपुंडरीक सूत्र पुन्हा वाचत असता जोत्याच्या दगडांमधून रातकिड्याचा आवाज आला आणि ग्रंथाचा आशय एकदम उलगडून ते मोठ्याने रडू लागले. मधल्या पाव शतकात सूत्रातील एक अक्षरही बदलले नव्हते. ग्रंथ न रुचण्याचा दोष ग्रंथाचाच असतो, असे वाचक किती सहज धरून चालतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड आहे.

हाकुइन यांची उपलब्ध चित्रे हजारोंच्या संख्येत असून त्यांतली बरीचशी साठीनंतरची आहेत. भारतातून चीनमध्ये गेलेला आद्य गुरू बोधिधर्म, ज्याला जपानी लोक दारुमा म्हणतात, तो त्यांनी पुन्हापुन्हा काढला : भले मोठे कपाळ, वर रोखलेले टपोरे डोळे आणि वस्त्राची रुंद, ठसठशीत रेघ. कित्येक चित्रांत आधी काढलेल्या फिकट रेषा तशाच दिसतात, तर काही लेखांत सुरुवातीची अक्षरे मोठी झाल्यामुळे शेवटची दाटीवाटीने बसवलेली आढळतात. व्यवसायी चित्रकाराने असे राहू दिले नसते. दाइगूच्या अक्षरांपासून शिकलेल्या हाकुइन यांना मात्र ते लपवावेसे वाटले नाही. ही चित्रे विकण्यासाठी नव्हती. ती सरदारांना दिली गेली तशीच शेतकऱ्यांनाही. ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी हाकुइन यांनी लोकगीतांच्या वळणाची, गाता येतील अशी पदेही रचली.

कोआन म्हणजे तर्काने न सुटणारा, साधकाने दिवसरात्र मनात वागवायचा प्रश्न. दोन हातांनी टाळी वाजते, तर एका हाताचा आवाज कोणता, हा जगभर माहीत झालेला कोआन हाकुइन यांनी साठीनंतर प्रचारात आणला. प्रश्न आवाजाचा असला तरी तो सोडवल्याची पावती ते चित्राच्या रूपाने देत. त्या चित्रात काठीच अजगरासारखी वळत ड्रॅगनचे रूप घेते आणि बाजूला, अमक्याने एका हाताचा आवाज ऐकला, अशी नावानिशी नोंद असते. ही चित्रे मिळवणाऱ्यांत भिक्षूंपेक्षा घरप्रपंच करणारी सामान्य माणसेच पुष्कळ होती.