दुधाचे दात आणि अंगणवाडीतली पाच मिनिटं
मावळातलं बालआरोग्य : लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण लसीकरणाचं वेळापत्रक पाहिलं. त्यात दातांसाठी रकाना नाही, पण वेळ नेमकी जुळते. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसाठी आई बाळाला उपकेंद्रात आणते, तोवर बहुतेक बाळांचे खालचे दोन दात वर आलेले असतात. अडीच-तीन वर्षांत दुधाचे वीसही दात पुरे होतात आणि कीड लागायला सुरुवात होते ती याच काळात. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या सुमारे ५२ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे पहिलीत नाव घालण्याआधीच निम्म्या मुलांचं नुकसान झालेलं असतं. आंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळातल्या आतल्या गावांतून दंतवैद्याकडे जायचं तर तळेगाव, वडगाव किंवा लोणावळा गाठावं लागतं, रोजंदारी बुडते. त्यामुळे दाढ ठणकल्याशिवाय कुणी तिकडे फिरकत नाही. दंतवैद्य वाढायला हवेतच. तरीही लहान मुलांची कीड रोखण्याची खरी जागा उपकेंद्र आणि अंगणवाडी हीच आहे, असं मला वाटतं.

त्यासाठी आधी कीड लागते कशी ते पाहू. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. त्या आम्लाने दातावरच्या कठीण आवरणातली खनिजं विरघळतात आणि लाळ ती हळूहळू भरून काढते. एकदा गोड खाल्लं की काही मिनिटांत तोंड आम्लधर्मी होतं आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून दिवसभरात साखर किती पोटात गेली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली, हा प्रश्न महत्त्वाचा. स्वीडनमधल्या विपेहोल्म इथे १९४५ पासून झालेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं : जेवणासोबतच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांची मात्र झपाट्याने वाढली. मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीविना केलेला तो प्रयोग आज कुणीही निषिद्धच मानेल, पण त्याचा निष्कर्ष पुढे टिकला. लोणावळ्याच्या चिक्कीकडे या नजरेने पाहायला हवं. शेंगदाणा-गुळाची चिक्की पौष्टिक आहे, हा आक्षेप खरा आहे. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, गुळात थोडी खनिजं आहेत. जंतूंना मात्र गूळ आणि साखर यांत फरक पडत नाही, आणि चिक्की दाढेच्या खाचांत चिकटून राहते. तेव्हा तुकडा द्यायचाच तर जेवणाच्या शेवटी द्यावा, खिशात भरून दिवसभर चघळायला देऊ नये. अगदी लहान मुलांना तर अख्खे शेंगदाणे देऊच नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवणंही दातांना घातक, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

"दुधाचे दात पडणारच आहेत, मग एवढा खटाटोप कशाला?" हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. समोरचे दात सहा-सात वर्षांनी पडतात, हे खरं. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या अकाली काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दातांना जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षी सर्वांत मागे येणारी दाढ कोणताही दात न पडता येते. पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात. ती आयुष्यभराची असते आणि किडक्या दातांच्या शेजारी उगवली की लवकर बळी पडते.

सरकारकडे यासाठी योजना आहेच, असंही कुणी म्हणेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून झाली. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि त्यांच्या यादीत दंतक्षयही आहे. पण तपासणीत सापडते ती लागलेली कीड. ती लागू नये यासाठी रोज काहीतरी व्हावं लागतं. स्कॉटलंडने नेमकं तेच केलं. तिथल्या बालवाड्यांत मुलांकडून दररोज फ्लोराइडयुक्त पेस्टने देखरेखीखाली दात घासून घेतले जातात. पाच वर्षांच्या मुलांच्या दंतोपचारांचा अंदाजित खर्च २००१ ते २०१० या काळात तिथे निम्म्याहून अधिक घटला. स्कॉटलंड श्रीमंत देश असला तरी हा उपाय श्रीमंती नाही : ब्रश, पेस्ट आणि लक्ष ठेवणारं एक मोठं माणूस.

फ्लोराइडचं नाव काढताच शंका येते, आणि महाराष्ट्रात ती निराधार नाही. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत भूजलातल्या जास्तीच्या फ्लोराइडने दातांवर डाग पडतात, हाडंही जखडतात. पण इथे मात्रा पाहायला हवी. पिण्याच्या पाण्यासाठी प्रतिलिटर दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. हजार पीपीएमच्या पेस्टमध्ये तेवढ्यात सुमारे ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, म्हणजे बाळाने ती गिळली तरी धोका नाही. तीन ते सहा वर्षांसाठी वाटाण्याएवढी पुरे. घासून झाल्यावर थुंकायला शिकवावं, खळखळून चूळ भरायला लावू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये ते नसतंच, तेव्हा नळीवर वाचून घ्यावं. मशेरी तर तंबाखूच आहे. तिला बाळाच्या हिरड्यांना स्पर्शही होऊ देऊ नये.

सर्वांत वजनदार आक्षेप अंगणवाडीताईंचा आहे. आहार, वजन-उंची, मोबाइलवरच्या नोंदी, सर्वेक्षणं आणि वर आता दात! मानधन तेवढंच ठेवून काम वाढवणं अन्यायाचं आहे, हे मान्यच करायला हवं. म्हणून हे वेगळं काम न करता आहारानंतरच्या हात धुण्याला जोडावं, मदतनीसाच्या जोडीने पाच मिनिटांत उरकावं आणि त्याची नवी नोंदवही मुळीच लावू नये. प्रत्येक मुलाचा नावाचा ब्रश एकमेकांना न लागता ठेवण्याची सोय, एवढीच अट. खर्चासाठीही नवी योजना नको. ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचेच असतात. त्यातून ब्रश आणि पेस्ट सहज येतील. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लसीकरणाच्या दिवशी आशाताईने आईला बाळाचा वरचा ओठ उचलून पाहायला शिकवावं. हिरडीलगत दातावर खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची पहिली खूण असते आणि या टप्प्यावर नुकसान अजून भरून येऊ शकतं. पट्टा तपकिरी होऊन खड्डा पडला की मात्र उपचार लागतो. ड्रिल न वापरता कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ते कुणाला आणि केव्हा लावावं, हे पुढच्या लेखांकात.