हसऱ्या गाण्यांची न लिहिलेली वही

१ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. पुढे वर्षभर चाललेल्या त्या मालिकेत ५६ गीते झाली. कोणते गीत कोणी गायिले, कोणत्या रागाच्या आधाराने बांधले, हे आज शाळकरी मुलालाही शोधून काढता येते. ते योग्यच आहे. पण त्याच रेडिओने आपल्याला हसायला लावणारी गाणीही ऐकवली. निरर्थक अक्षरांची गंमत, नवराबायकोची सुरातली हुज्जत, बड्या कवितेचे विडंबन, भारुडातली फजिती असे त्यांचे कितीतरी प्रकार. त्यांची वही मात्र कोणी ठेवली नाही. त्या काळचे श्रोते भेटले की डोळे लकाकतात, दोन ओळी गुणगुणल्या जातात आणि मग सगळे अडखळतात: हे लागायचे कुठे?

या प्रश्नाला अमेरिकेत सरळ उत्तर आहे. बॅरेट हॅन्सन या संगीतसंग्राहकाने १९७० मध्ये ‘डॉक्टर डिमेंटो’ हे नाव घेऊन विक्षिप्त आणि विनोदी गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला आणि तो पन्नासहून अधिक वर्षे चालवला. ‘वियर्ड अल’ यान्कोविक हा विडंबनगायक शाळकरी वयात घरी ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट त्याला पाठवूनच पुढे आला. तिथे हसऱ्या गाण्याला स्वतःचे घर होते. माझ्या आठवणीतल्या रेडिओवर ते पाहुणे होते. कधी ‘आपली आवड’मध्ये दोन भावगीतांच्या मधे, कधी लोकसंगीताच्या पंधरा मिनिटांत, कधी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बाजारभाव संपल्यावर. विनोदी संवादाला तरी ‘हवामहल’ होता, बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे ‘पुन्हा प्रपंच’ होते. विनोदी गाण्याला मात्र दुसऱ्याच्या ओसरीवर बसावे लागे.

धाराशिवच्या श्रोत्याची गोष्ट आणखी वेगळी. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या राज्यात हैदराबाद आणि औरंगाबाद येथे रेडिओकेंद्रे होती. १९५० मध्ये ती आकाशवाणीकडे आली. औरंगाबादचे जुने केंद्र पुढे बंद पडले आणि तिथे नवे केंद्र यायला सत्तरचे दशक उजाडले. १९६८ मध्ये परभणी केंद्र सुरू झाले. तोवर, आणि नंतरही, आमच्या भागातला माणूस काटा फिरवत राही. मुंबई, पुणे, हैदराबाद, रात्री सिलोन. कळंब तालुक्यातल्या आमच्या घरी ट्रान्झिस्टरच्या काचेवर थोरल्या काकांनी शाईच्या खुणा केल्या होत्या. कोणती खूण कोणत्या केंद्राची, हे आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले. त्यामुळे एकाच संध्याकाळी पुण्याची शुद्ध मराठी, हैदराबादची उर्दू आणि तिच्यातून डोकावणारी दखनी कानावर पडे. उमरग्याकडच्या लोकांना गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीब यांच्या दखनी विनोदी कविता परक्या वाटत नसत, कारण तशीच भाषा त्यांच्या आठवडी बाजारात चाले. हसण्याच्या बाबतीत आम्ही तीन भाषांचे वारस होतो.

हसरे गाणे ओसरीवरच का राहिले, याचे एक उत्तर धोरणात आहे. रेडिओकडे लोकांची अभिरुची घडवण्याचे साधन म्हणून पाहिले जात होते. १९४० मध्येच पेटीला आकाशवाणीवर बंदी झाली. ती सैल व्हायला सत्तरचे दशक लागले. आमच्याकडचा भारूडकार ज्या पेटीवर सूर धरतो, तिचीच ही गत. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि चित्रपटगीतांना दार जवळपास बंद झाले. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि श्रोत्यांनी काटा तिकडे वळवला. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ आली ती या गळतीवरचा उपाय म्हणून. जिथे साध्या प्रेमगीतालाही दारात थांबावे लागले, तिथे टवाळ गाण्यासाठी राखीव वेळ कोण देणार?

तरीही ही गाणी टिकली, कारण त्यांतली काही रेडिओसाठीच जन्मल्यासारखी होती. रंगमंचावरचा विनोद अर्धा चेहऱ्यावर असतो. रेडिओवर तो सगळा शब्दात आणि आवाजात बसवावा लागतो. ‘पतंगा’ (१९४९) या चित्रपटातले रंगूनच्या टेलिफोनचे गाणे पाहा. नवरा रंगूनला, बायको डेहराडूनला आणि मधे तार. टेलिफोनवर माणूस दिसत नाहीच, त्यामुळे रेडिओवर ऐकताना काही हरवत नाही. उलट श्रोता दोघांचे संभाषण चोरून ऐकल्याच्या आनंदात असतो. त्यात शमशाद बेगम यांच्यासोबत गाणारे आणि चाल बांधणारे सी. रामचंद्र नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. ‘आशा’तले (१९५७) ‘ईना मीना डीका’ही त्यांचेच. मुलांच्या खेळातल्या मोजणीवरून ते सुचले आणि त्यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दांची भर घातली, असे सांगितले जाते. अर्थ नसल्यामुळे ते कोणत्याच भाषेच्या हद्दीत अडकले नाही. मराठी, उर्दू, कानडी बोलणारी पोरे ते सारख्याच चुकांनी म्हणत.

लोककलेला हे इतके सोपे गेले नाही. भारूड हे पाहण्याचे नाट्य. नाथांच्या विंचवाच्या भारुडात सोंग घेतलेला माणूस लोळतो, किंचाळतो, प्रेक्षकांत शिरतो. रेडिओवर हे सारे जाते. उरतो तो मागच्या साथीदारांचा प्रतिसाद. मुख्य गायक काही सांगू लागतो, झीलकरी त्याला मुद्दाम वेडगळ प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नोत्तरांत सोंग पुन्हा उभे राहते. तुळजापूरच्या परिसरातल्या गोंधळातही संबळ-तुणतुण्याच्या साथीने आख्यान रंगात आले असताना जोडीदार मधेच नायकाला अडवून हसवतो. रेडिओवर गाजलेली लोकगीते नीट आठवली तर हेच दिसते: एकाच्या गाण्यापेक्षा दोघांची खटकाखटकी अधिक लक्षात राहिली.

चावट गाण्याचे शास्त्र आणखी निराळे. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ चा. त्या धाटणीच्या गाण्याचा एक अर्थ वडीलधाऱ्यांसाठी, दुसरा ज्याचा त्याने घ्यायचा. थिएटरच्या अंधारात हसता येते. घरात सासरा, सून, नातू एकाच ट्रान्झिस्टरभोवती बसलेले. असे गाणे लागले की कोणीतरी घसा खाकरे, कोणी आवाज कमी करी आणि आजीला नेमके तेव्हाच पाणी हवे असे. गाण्यात काहीतरी आहे हे आम्हा मुलांना त्या हालचालींवरून समजले. आज प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे वाजते. हवे ते मिळते, पण कोणाची नजर चुकवावी लागत नाही. ते गाणे यादीत शोधून ऐकले तर पूर्वीइतके हसू का येत नाही, याचे कारण मला इथे दिसते. ते अवचित येई, आणि चारचौघांत येई.

वही का राहिली नाही, हेही आता उलगडते. चित्रपटाच्या गाण्याची तबकडी उरली. पण स्टुडिओत येऊन पंधरा मिनिटे गाऊन गेलेल्या भारूडकाराची, गोंधळ्याची भिस्त टेपवर होती. टेप महाग; जुना कार्यक्रम पुसून तिच्यावर नवा मुद्रित करण्याची रीत जगभर होती आणि बीबीसीनेही आपले कितीतरी कार्यक्रम असेच गमावले. काय पुसायचे आणि काय ठेवायचे, असा प्रश्न आला की अभंग ठेवला जातो, फजितीचे गाणे जाते.

म्हणून या गाण्यांचा शोध संग्रहालयाइतकाच श्रोत्यांकडे घ्यावा लागेल. धाराशिव, तुळजापूर, परंडा, भूम, उमरगा या भागांत सत्तरी ओलांडलेल्यांना तीन साधे प्रश्न विचारता येतील: कोणते केंद्र लागायचे, कोणत्या गाण्याला घरात हसू फुटायचे, आणि कोणत्या गाण्याला रेडिओ बंद व्हायचा? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे सर्वांत कामाची ठरतील, असा माझा अंदाज आहे. मुद्रणयंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्यांना या गाण्यांच्या चाली येतात, त्यांच्या आवाजात त्या यंदाच्या दिवाळीतच उतरवून घ्यायला हव्यात.