शेपटीतले विष

स्वयंपाकघरातले मीठ वितळवायला 801 अंश सेल्सिअसची धग लागते. पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्ये एका वेगळ्याच क्षाराची नोंद केली. एथिलअमोनियम नायट्रेट हा तो क्षार 12 अंशांच्या आसपासच पातळ होतो. साधारण शंभर अंशांखाली वितळणाऱ्या अशा क्षारांना आयनिक द्रव म्हणतात. त्यांचे आयन बहुधा बोजड आणि वेडेवाकडे असतात, त्यामुळे स्फटिकात ते नीट बसत नाहीत.

अनेक दशके हा विषय कोपऱ्यात पडून होता. मग 1992 मध्ये जॉन विल्क्स आणि मायकेल झावोरोटको यांनी हवेपाण्यात टिकणारे इमिडॅझोलियम द्रव बनवले. हे द्रव जवळजवळ उडून जात नाहीत आणि सहज पेट घेत नाहीत. बेन्झीन-टोल्युइनच्या वाफांना वैतागलेल्या रसायनशास्त्रज्ञांना आणखी काय हवे होते? ‘हरित द्रावक’ ही पदवी या द्रवांना पाण्यातली चाचणी होण्याआधीच मिळून गेली.

जे हवेत जात नाही, ते सांडपाण्यात जाऊ शकते. ‘व्हिब्रिओ फिशेरी’ हा समुद्री जीवाणू स्वतः चमकतो. विष मिसळले की त्याचा उजेड मंदावतो आणि तो किती मंदावला यावरून विषारीपणा मोजता येतो. अशा चाचण्यांत, तशाच जलपिसू आणि शैवालांवरच्या प्रयोगांतही, एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. इमिडॅझोलियमच्या कड्याला जोडलेली कार्बनची शेपटी जितकी लांब, तितका रेणू घातक. लांब, तेलकट शेपटी पेशीच्या पटलात घुसते आणि पटल विस्कटते. इंग्लंडच्या ईशान्य भागात कचरा-भरावाजवळच्या मातीत आठ कार्बनांची शेपटी असलेला असाच रेणू सापडला. यकृताच्या एका आजाराशी त्याचा संबंध असावा, असे गृहीतक 2018 मध्ये मांडले गेले.

मग शेपटी आखूड केली की झाले? इथेच खरी गोम आहे. आठ कार्बनांची शेपटी जीवाणूंना कुरतडता येते, आखूड शेपटीला ते सहसा तोंडच लावत नाहीत. म्हणजे जो रेणू कमी विषारी, तोच पाण्यात जास्त काळ रेंगाळणारा. शेपटीत इथरचा ऑक्सिजन घातला तर विष उतरते, पण विघटन सुधारत नाही. निकोलस गॅदरगुड, पीटर स्कॅमेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेपटीत एस्टरचा सांधा घातला. हा सांधा जीवाणूंची विकरे सहज तोडतात. जोडीला ऑक्टिल सल्फेटचा ऋण आयन घेतल्यावर काही द्रव ‘सहज विघटनशील’ ठरले, म्हणजे 28 दिवसांत किमान 60 टक्के विघटनाची अट त्यांनी पार केली. ऋण आयनाकडे दुर्लक्ष करून चालतच नाही. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटचे पाण्याने विघटन झाले की हायड्रोजन फ्लोराइड सुटते, आणि ते काचही खाते.

दुसरी वाट कच्चा मालच बदलण्याची. जपानच्या हिरोयुकी ओहनो यांच्या गटाने 2005 मध्ये वीस नैसर्गिक अमिनो आम्लांपासून आयनिक द्रव तयार केले. अशा द्रवांसाठी वापरले जाणारे कोलीन तर अंड्याच्या बलकातच असते. पण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण इथेही चालत नाही. कोलीनसोबत लांब शेपटीचे मेदाम्ल जोडले की विषारीपणा परत वाढतो.

तरी कोलीनचे काम कारखान्याच्या हिशेबातही बसते. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करताना आधी वापरात असलेले इमिडॅझोलियम द्रव भरपूर पाण्याने धुऊन काढावे लागत, नाहीतर पुढची विकरे मंदावत आणि यीस्ट मरत असे. कॅलिफोर्नियातल्या जॉइंट बायोएनर्जी इन्स्टिट्यूटमध्ये कोलीन आणि लायसिन या अमिनो आम्लाची जोडी वापरली गेली. ती विकरांना आणि यीस्टला सोसते, म्हणून काडीचा लगदा, साखर आणि आंबवण हे टप्पे मध्ये न धुता एकाच भांड्यात उरकता आले.