वेगाचा लगाम

मीरा-भाईंदर शहराच्या हद्दीत, वसईच्या खाडीकाठी घोडबंदर नावाचे गाव आहे. पूर्वी येथे घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. आज या गावावरून ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारी, बसगाड्या आणि गुजरातेतून न्हावा-शेवा बंदराकडे निघालेले अवजड ट्रक धावत असतात. गायमुखाजवळ हा रस्ता घाट चढतो आणि उतरतो. उधळलेल्या घोड्याला जसा लगाम, तसा उतारावरील वाहनाला ब्रेक.

धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात १६ ते १७ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावरही ती काही अंतर धावते. वेग दुप्पट झाला, तर हे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते.

मोटारीचे पेडल दाबले की नळ्यांतील ब्रेक ऑइलवर दाब पडतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. तो दाब चाकांपर्यंत पोहोचतो, तेथील पट्ट्या चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला आवळतात आणि घर्षणाने चाक थांबते. अवजड ट्रकांत हे काम दाबाखालची हवा करते.

ब्रेक बहुधा निकामी होण्यापूर्वी सूचना देतात. म्हणून दक्ष चालक निघण्यापूर्वी गाडीखाली ऑइलचे डाग आहेत का ते पाहतो. टाकीतील ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे याची खात्री करतो. मग तो पेडल दाबून धरतो. ते मऊ लागले, तर नळीत हवा शिरलेली असू शकते; हळूहळू खाली जाऊ लागले, तर गळतीची शंका घ्यावी. मोकळ्या जागी सावकाश ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली गेली किंवा कर्कश आवाज आला, तर ती कारागिराला दाखवलीच पाहिजे. ट्रकचालक हवेच्या दाबाचा काटाही पाहतो.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास पट्ट्या तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. असे जुने ऑइल लवकर उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. यासाठी घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनच तिला आवरते. न्यूट्रलमध्ये गाडी उतारावरून सोडणे म्हणजे हातचा एक लगाम टाकून देणे होय.

सायकलस्वारालाही हाच नियम लागू आहे. रबराचे ठोकळे झिजले नाहीत ना, तार तुटत आली नाही ना, हे पाहण्यास क्षणभरच लागतो.

घाटाच्या पायथ्याशी वाहनांच्या रांगेत उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराला मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक तपासता येत नाहीत. ज्याच्या हाती तो ट्रक आहे त्याने ते तपासले असतील, या विश्वासावर तो उभा असतो. तो विश्वास राखणे हे प्रत्येक चालकाचे पहिले कर्तव्य आहे.