सायलेन्सरातली माती

आमच्या सिल्वासात सकाळी साडेसहाच्या सुमारास रस्त्यावर प्रामुख्याने दोनच प्रकारची वाहने दिसतात. पहिल्या पाळीच्या कामगारांना मसाट, खडोली, पिपरियाच्या कारखान्यांकडे नेणाऱ्या बसगाड्या, आणि मुलांना शाळेत पोहोचविणाऱ्या पांढऱ्या ईको व्हॅन. बसगाड्यांकडे आमचे फारसे लक्ष जात नाही. व्हॅनची मात्र घरोघर वाट पाहिली जाते. डबा भरून झालेला असतो, वेणी अर्धी राहिलेली असते, आणि खाली हॉर्न वाजला की साऱ्या घराची धांदल उडते.

२०२२ च्या जुलैतील एका सोमवारी तो हॉर्न वाजलाच नाही. आदली रात्र मुसळधार पावसाची होती. दमणगंगेच्या खोऱ्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगणे नलगे की, त्या आवाजात शेजारच्या घराचे दार कोणी फोडले तरी ऐकू यावयाचे नाही. सात वाजता व्हॅनवाल्या काकांचा फोन आला. काका मूळचे चोपड्याकडचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी इकडे पॉलिस्टर सुताच्या कारखान्यात लागले, तो बंद पडल्यावर हप्त्याने व्हॅन घेतली. एरवी मोजके बोलणारा हा गृहस्थ त्या दिवशी एका दमात बोलत होता. "भाऊ, आज मुलांना तुम्हीच सोडा. गाडी जागेवर आहे, काचा शाबूत आहेत, पण चालू केली तर ट्रॅक्टरसारखी ओरडते. खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सरच नाही."

आम्ही छत्री घेऊन पाहावयास गेलो. गाडीच्या पोटाखालील नळीचा एक तुकडा लोंबत होता. संवेदकाची तार कापलेली होती. चिखलात पाठीवर घसरत गेल्याची एक खूण आणि बाजूला दोन नट, याखेरीज काहीही नव्हते. बॅटरी, टायर, स्टीरिओ सारे जागच्या जागी. काका पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "भंगारात त्या पत्र्याचे दोनशे रुपये येणार नाहीत. मग नेला कशाला?"

त्यांचे म्हणणे पत्र्यापुरते खरेच होते. चोराला पत्रा नको होता. त्याला हवी होती आतली माती.

माती हा चोरबाजारातला शब्द. अलीकडच्या काळात गुजरातेत व महाराष्ट्रात पकडल्या गेलेल्या टोळ्यांच्या बातम्यांतून तो सर्वांस परिचित झाला. ज्याला आपण सरसकट सायलेन्सर म्हणतो त्या नळीच्या मार्गावर पोलादी कवचाचा एक डबा असतो. त्याचे खरे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे उत्प्रेरक परिवर्तक. डब्याच्या आत चिनी मातीसारख्या पदार्थाची एक वीट असते, आणि ती मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र असते. एका चौरस इंचात चारशेच्या आसपास छिद्रे, इतकी बारीक. या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या तीन मौल्यवान धातूंचा अतिसूक्ष्म लेप दिलेला असतो. एका मोटारीत हे धातू सारे मिळून काही ग्रॅमच भरतात. इंजिनातून निघालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले इंधन व नायट्रोजनची ऑक्साइडे या छिद्रांतून जाताना त्या धातूंच्या सहवासात त्यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व नायट्रोजन यांत होते. धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. लग्न लावणाऱ्या भटजींप्रमाणे ते दोन पक्षांचा संबंध जुळवितात आणि आपण होते तसेच घरी परततात. धातू झिजून जात नाहीत, म्हणूनच वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीतूनही ते काढून पुन्हा विकता येतात.

ही युक्ती काही आजची नव्हे. मूळचे फ्रेंच असलेले युजीन हुड्री हे अभियंते लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेने अस्वस्थ होऊन १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत या प्रयत्नास लागले. परंतु त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे, व शिशाने उत्प्रेरक निकामी होई. शिसेविरहित पेट्रोल आले आणि १९७५ च्या मोटारींपासून हा डबा अमेरिकेत सार्वत्रिक झाला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो आवश्यक ठरला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे कडक नियम लागू झाले. नियम कडक झाले तसे डब्यातील धातूंचे महत्त्वही वाढले.

नेमक्या याच सुमारास त्या धातूंच्या भावाने उसळी घेतली. २०१६ च्या मध्यास ऱ्होडियमचा एक औंस सातशे डॉलरांच्या आत मिळत होता. २०२१ च्या मार्चमध्ये तो २९,००० डॉलरांच्या घरात गेला, म्हणजे त्या वेळच्या सोन्याच्या सोळापटीहून अधिक. हा धातू मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येतो. पॅलेडियमचा मोठा हिस्सा रशियाचा. आपल्या देशात या धातूंचे उत्पादन जवळपास नाहीच. जोहान्सबर्गकडील खाणी, लंडनचा बाजार आणि किलवणी नाक्याजवळच्या अंगणात उभी असलेली एक व्हॅन यांचा संबंध असा जुळतो. तिच्या मालकाने मात्र ऱ्होडियम हा शब्द त्या सोमवारपर्यंत ऐकलेलाही नव्हता.

ईकोच का, असे कोणीही विचारील. ही गाडी २०१० मध्ये बाजारात आली आणि शाळा, रुग्णवाहिका, दूधवाले, केटरर अशा सर्वांनी तिला आपलेसे केले. तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते आणि जमिनीपासून तिचे पोट बऱ्यापैकी उंच. जॅक न लावता माणूस खाली शिरतो, पान्याने नट सोडवितो व काही मिनिटांत बाहेर येतो. शिवाय या गाड्यांचे मालक बहुधा बंदिस्त गॅरेज बाळगण्याइतके सधन नसतात. गाडी रात्री रस्त्यावरच उभी असते. २०२१ व २०२२ या वर्षांत अहमदाबाद, सुरतेपासून मुंबई, पुण्यापर्यंत पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या. कित्येक फिर्यादींत नव्या सायलेन्सरची किंमत पन्नास हजारांच्या आसपास नोंदली गेली. काही ठिकाणी तर चोरांनी आतली माती काढून रिकामा डबा पुन्हा जागेवर बसविला होता, त्यामुळे मालकाला कित्येक दिवस पत्ताच नव्हता. आमच्या मते हा प्रकार उघड चोरीहून वाईट.

आमच्या सिल्वासाची गोष्ट आणखी निराळी. वापी येथून जेमतेम अठरा किलोमीटर, ते गुजरात. दुसऱ्या बाजूस तलासरी, तो महाराष्ट्र. मधोमध आपण, केंद्रशासित. मध्यरात्री काढलेला माल उजाडण्यापूर्वी तीनपैकी कोणत्याही हद्दीत जाऊ शकतो. १९५४ मध्ये याच वाटांनी रातोरात शिरून स्वयंसेवकांनी हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून सोडविला, हे आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले. त्याच वाटांची आठवण असल्या कारणाने निघावी याचे वाईट वाटते, पण ते असो.

हायब्रिड मोटारीच्या मालकांना हे दुखणे आपल्याआधी कळले. आमचा भाचा कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे असतो. त्याला हा प्रसंग फोनवर सांगितला तेव्हा तो हसून म्हणाला, "मामा, माझी तर गेल्याच वर्षी गेली." त्याची टोयोटा प्रियस २००८ सालची. हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन व विजेची मोटर दोन्ही असतात. इंजिन पुष्कळदा बंद राहते, म्हणून उत्प्रेरकावर ताण कमी पडतो व त्यातील धातू अधिक शाबूत राहतात. चोर हे जाणतात. मालकाची फसगत अशी की, हायब्रिड गाडी सुरू होते ती विजेवर, निःशब्द. भाचा स्टेशनाबाहेरच्या तळावरून गाडी काढून रस्त्यावर आला, वेग वाढताच इंजिन जागे झाले आणि विमान उतरावे तसा आवाज झाला. कॅलिफोर्नियात त्या राज्याने संमत केलेलाच डबा बसवावा लागतो व तो फार महाग. विमा कंपनीने हिशेब केला, दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीपुढे जातो असे ठरविले आणि उत्तम चालणारी गाडी मोडीत काढली. त्या देशात नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरो या संस्थेकडे २०१८ साली अशा १,२९८ चोऱ्यांची नोंद होती, २०२० साली १४,४३३ ची. २०२२ मध्ये हा आकडा ६४,००० च्या पुढे गेला.

परंतु भाच्याची गाडी गेली तरी पगार चालू होता. काकांची गाडी म्हणजेच पगार.

पहिले दोन दिवस फिर्याद व पंचनाम्यात गेले. तिसऱ्या दिवशी विम्याचे कागद काढले. करोनाच्या दोन वर्षांत शाळा बंद, उत्पन्न बंद. अशा वेळी काकांनी पूर्ण विमा सोडून केवळ थर्ड पार्टीचा घेतला होता. त्यात दुसऱ्याचे नुकसान भरून मिळते, आपल्या गाडीचा एक स्क्रूही मिळत नाही. पूर्ण विमा असता तर चोरीस गेलेल्या भागाची भरपाई मागता आली असती, तीही घसारा वजा करून. धातूच्या भागांना पहिले सहा महिने घसारा नाही, पण चौथ्या वर्षात तो २५ टक्के, पाचव्यात ३५ टक्के धरला जातो. आणखी एक गोष्ट वाचकांपैकी ज्यांची मुले व्हॅनने जातात त्यांनी विचारून ठेवावी. खासगी म्हणून नोंदलेली गाडी भाड्याने चालविली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

चौथ्या दिवशी एक मिस्त्री आला. त्याच्याकडे ईकोचा जुना सायलेन्सर होता, सहा हजारांत बसवून देतो म्हणाला. बाहेरून ठाकठीक, आतून रिकामा. आवाज जाईल, गाडी चालेल. डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागेल, तो घालविण्याची युक्तीही माझ्याकडे आहे, असे त्याने सांगितले.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. त्या संध्याकाळी आम्ही पालक जमलो तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांचे मत 'बसवून टाका' असेच पडले. चार दिवस मुलांना पोहोचविण्यात सर्वांची दमछाक झाली होती, एकाची पाळी चुकली होती. आम्हीही मान डोलावली. प्रश्न काढला तो एका बाईंनी, ज्या येथील रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनी विचारले, "हा रिकामा डबा आला कुठून? ज्याची माती विकली गेली त्याचाच ना? आणि मुलं बसतात ती त्या नळीच्या वर." कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डबा रिकामा असेल किंवा सांधा नीट बसला नसेल तर तो वायू तळातल्या फटींतून गाडीत शिरू शकतो. पावसाळ्यात काचा बंद असतात. डोके दुखते, पेंग येते, आणि आई समजते की पोर रात्री उशिरा झोपले.

मग कोणी बोलले नाही. काकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मलाही तो डबा नकोच होता हो. पण तुम्ही सगळे हो म्हणालात." ते वाक्य आम्हांस पुष्कळ दिवस टोचत राहिले.

तेरा घरांनी दोन महिन्यांचे भाडे आगाऊ दिले. नऊशेप्रमाणे ते २३,४०० रुपये झाले. उरलेले काकांनी भिशीतून उचलले. कंपनीचा सायलेन्सर मागवावा लागला, कारण इतक्या गाड्यांचे चोरीस गेले होते की जवळपास कोठेही शिल्लक नव्हता. अकरा दिवस गाडी उभी राहिली. चोर सापडला नाही.

कायद्यात शिक्षा आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्यात चोरीसाठी कलम ३०३ व प्रवासी वाहनातील वस्तूंच्या चोरीसाठी कलम ३०५ आहे, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी कलम ३१७. आमच्या मते या धंद्याची नाडी शेवटच्या कलमात आहे. व्हॅनखाली शिरणारा पोरगा काही हजारांसाठी शिरतो. माती गोळा करून, तोलून, पुढे धातू गाळणाऱ्याकडे पाठविणारा दुकानदार नसेल तर तो पोरगा चिखलात कशाला लोळेल? दुरुस्तीच्या नावाखाली रिकामा डबा खपविणाऱ्या मिस्त्र्याचाही त्या साखळीत वाटा आहे. आणि त्या संध्याकाळी मान डोलावणाऱ्या आमच्यासारख्या गिऱ्हाइकांचा नाही, असे कसे म्हणावे?

२०२३ च्या अखेरीस ऱ्होडियमचा भाव पाच हजार डॉलरांच्याही खाली आला होता. मध्यंतरी आमच्या वसाहतीत दोन हायब्रिड मोटारी आल्या. त्यांचे मालक सुशिक्षित, पूर्ण विमा उतरविलेले. त्यांनी आम्हांस विचारले तेव्हा आम्ही इतकेच सांगितले की, गाडी उजेडात व भिंतीला भिडवून लावावी, डब्यावर गाडीचा क्रमांक कोरून घ्यावा आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नये. जुनी गाडी विकत घेताना खाली वाकून पाहण्यात कमीपणा मानू नये.

काकांनी व्हॅनच्या पोटाखाली लोखंडी पट्ट्यांची जाळी वेल्डिंग करून घेतली आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी ती काढावी लागते. त्याला अर्धा तास जास्त लागतो, आणि गॅरेजवाला त्याचे दोनशे रुपये वेगळे लावतो.